गाण्यावरून काढलेले चित्र

दिवस मावळतीकडे कलला की सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थनेसाठी माणसे जमू लागतात. नोकरीतून मोकळे झाल्यापासून तेथे जाऊन घटकाभर बसण्याचा परिपाठ आम्ही ठेविला आहे. त्यात भक्तिभाव किती व पायांस व्यायाम किती, याची वाटणी आम्ही अद्यापि केलेली नाही. गेल्या वैशाखात एके दिवशी प्रार्थना आटोपून आम्ही बाहेर पडतो न पडतो तोच रस्त्याने एक वरात आली. वरातीपुढे एका गाडीवर कर्णे रचलेले होते, आणि त्यांतून तीस वर्षांपूर्वीच्या एका हिंदी चित्रपटातील गाणे साऱ्या शिवारास ऐकू जावे अशा बेताने चालले होते. आमच्यासोबतच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी कानांवर हात ठेविले व आमच्याकडे पाहिले. त्यांस आमचा दुजोरा हवा होता. पूर्वी तो आम्ही तत्काळ दिला असता. परंतु त्या गाण्याशी आमचा एक जुना हिशेब आहे. तो आमच्याच अंगावर निघतो, आणि म्हणून ते कानी पडले म्हणजे हल्ली आम्ही मान खाली घालतो.

हिशेब १९९५ सालचा आहे. येथून जवळच्याच एका शाळेत आम्ही चित्रकला शिकवीत होतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष शाळेचा नव्हता. हिवाळा सरताना मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावयाचे व तत्पूर्वी मुलांस चार शब्द सांगावयाचे, अशी तेथे वहिवाट होती. त्या वर्षी आमचे चार शब्द नंदलाल बोस यांजविषयी होते आणि ते चाळीस मिनिटे चालले.

विषय आमच्या आवडीचा होता व या भूमीशी त्याचा संबंधही निकटचा. गांधीजी १९३६ साली येथे, म्हणजे त्या वेळच्या सेगावास, राहावयास आले. गावाचे सेवाग्राम हे नामकरण १९४० मधले. त्याच १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलालबाबूंस बोलावून घेतले, आणि या थोर चित्रकाराने शहरातून काही न आणविता बांबू, गवत, टोपल्या अशा गावच्याच वस्तूंतून सारी शोभा उभी केली. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतील हरिपुरा येथे अधिवेशन भरले, त्या वेळी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे भित्तिपत्रे रंगविली. त्यांपैकी ऐंशीहून अधिक खुद्द त्यांच्या हातची. हातकागद, मातीचे रंग, आणि जाड कुंचल्याची झपाट्याने ओढलेली रेषा. चित्रांत देवदेवता थोड्या. ढोलवाला, वीणा छेडणारा, सुतार, चांभार, पहिलवान, दळणकांडण करणारी बाई अशी मंडळी फार. कालीघाटच्या देवळाबाहेर यात्रेकरूंस पैशा-दोन पैशांस विकली जाणारी बाजारी चित्रे बंगाल्यात पूर्वी होती. त्यांच्या रेषेचा ठसका नंदलालबाबूंनी निःसंकोचपणे उचलला, आणि ही चित्रे दालनात न ठेविता, येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्यास वाटेतच दिसतील अशी मांडली. त्याच हरिपुऱ्यास, त्याच सुमारास, आश्रमाच्या भजनांस चाली लावणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे यांस मृत्यू आला. एका बाजूस चित्रातला ढोलवाला उभा राहत असता दुसऱ्या बाजूस आश्रमाचा गवई हरपावा, हा योग आम्हांस नेहमी चटका लावतो. तोही आम्ही मुलांस सांगितला. थोडक्यात, रस्त्यावरच्या कलेस मान द्यावा, हाताशी असेल त्या वस्तूंतून चित्र घडवावे, असा आमच्या उपदेशाचा रोख होता.

दुसऱ्या दिवशी नववीतील एका मुलाने आपले चित्र आणले. वडील हयात नव्हते व आई लोकांच्या शेतांवर निंदणखुरपणास जात असे, एवढे आम्हांस ठाऊक होते. सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या उसवून, खळीने एकास एक चिकटवून, त्याने पुरुषभर उंचीचा कागद तयार केला होता. रंग गेरूचा, चुन्याचा, कपड्यांस घालावयाच्या निळीचा व काजळीचा. चित्रात एक स्त्री चालता चालता अर्धवट मागे वळली होती. एक हात डोक्याच्या वर, पाऊल अधांतरी. आणि खाली ठसठशीत अक्षरांत त्या साली गावोगाव गाजत असलेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटाचे नाव.

आम्ही ते नाव वाचले आणि चित्र पाहावयाचे थांबविले. "हे चित्र नव्हे, हे पोस्टर आहे," आम्ही सर्व वर्गासमक्ष म्हणालो. "कोठे तरी पाहून उतरविलेले. येथे स्वतःच्या मनातले आणावयाचे असते." मुलाने काही तरी बोलावयास तोंड उघडले होते असे आता स्मरते. मग त्याने कागदाची गुंडाळी केली व तो बाकावर जाऊन बसला. चित्र भिंतीवर लागले नाही. गेरू, चुना व सिमेंटचा कागद यांचे हरिपुऱ्याच्या चित्रांशी काही नाते आहे, हे आदल्याच दिवशी चाळीस मिनिटे बोललेल्या आमच्या ध्यानात आले नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून एक वार्ता येऊ लागली की, देशातील सर्वांत विख्यात चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात हाच चित्रपट साठाहून अधिक वेळा पाहिला असून त्यातील नायिका माधुरी दीक्षित यांची ते चित्रांमागून चित्रे काढीत सुटले आहेत. पुष्कळांनी ‘म्हातारचळ’ म्हणून नाके मुरडली. आम्ही मात्र मुरडली नाहीत. उलट एक लेख लिहून तो एका मासिकास धाडला, व तो छापूनही आला. रस्त्यावरून आलेला चित्रकार उतारवयात पुन्हा रस्त्याच्या गाण्याकडे वळला आहे व हा त्याच्या कलेचा विजय आहे, अशा आशयाचे त्यात पुष्कळ होते. तो लेख आजही आमच्या पेटीत आहे. भाषा बरी आहे.

लेखात खोटे काही नव्हते, हेच त्यातले वाईट. हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. आई वारली तेव्हा ते अवघे दीड वर्षाचे. बालपण इंदुरास गेले. त्यांच्या चित्रांतून उधळणारे घोडे इंदुरातल्या मोहरमच्या मिरवणुकीतून आले, असे ते सांगत. म्हणजे ते घोडेही मुळात ताशांच्या नादावरच चालत आले म्हणावयाचे. विशीच्या आतबाहेर ते मुंबईस आले व ग्रँट रोडच्या बाजूस सिनेमाचे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटास चार-सहा आणे. हे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की, वीतभर छायाचित्रावर चौकटी आखून तेच मुख पंधरा-वीस फुटांवर चढवावयाचे, तेही शुक्रवारच्या आत, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. फलकावर चढलेल्या माणसास स्वतःचे चित्र दिसत नाही. दिसतो तो गालाचा एक तुकडा. संपूर्ण मुख मनात धरूनच हात चालवावा लागतो. हुसेन यांची पुढची एका दमात ओढलेली रेषा या फलकांवर घडली, असे आमचे मत आहे. कलाशाळेत ती घडती ना.

१९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, बाकरे, गाडे व हुसेन अशा सहा जणांचा जो प्रागतिक कलावंतांचा संघ निघाला, त्यात त्यांचे नाव झाले. त्या मंडळीतले गाडे हे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, व रझा यांचे शिक्षण नागपुरास झालेले, हे वऱ्हाड-नागपूरच्या वाचकांस आठवण म्हणून सांगतो. हुसेन यांनी १९६७ साली राजस्थानात एक लघुपट केला. त्यात निवेदनाचा शब्दही नाही, नुसती दृश्ये व संगीत, आणि त्यास बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वलाचे पारितोषिक मिळाले. माधुरीबाईंस घेऊन काढलेला ‘गजगामिनी’ २००० सालचा. चित्रपट म्हणून तो आम्हांस रेंगाळणारा वाटला, परंतु चित्र म्हणून त्यातल्या कित्येक चौकटी डोळ्यांपुढून हलत नाहीत. २००४ सालच्या ‘मीनाक्षी’स ए. आर. रहमान यांचे संगीत होते; त्यातील एका कव्वालीच्या शब्दांवर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला, तेव्हा तो चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला. त्यांच्या देवतांच्या चित्रांवरून हिंदूंतील काही मंडळींनी १९९६ पासून उठविलेले वादळ, २००६ साली झालेला देशत्याग, कतारचे नागरिकत्व, आणि २०११ च्या जूनमध्ये लंडनला आलेला मृत्यू, हे सर्व वाचकांस विदित आहे. येथे त्यात शिरत नाही.

आम्हांस येथे महत्त्वाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. हुसेन यांच्या चित्रांतील स्त्रियांस बहुधा मुख नसते. आईचा चेहरा आठवत नाही, म्हणून तो काढता येत नाही, असे कारण त्यांनी दिलेले आहे. मदर तेरेसांची चित्रे काढली, तीही निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात, बिनमुखाची. आणि पडद्यावर नाचणाऱ्या त्या मराठी मुलीच्या हालचालींत त्यांस आई दिसली, असेही ते म्हणत. यावर हसणाऱ्यांनी हसावे. ज्या पोरक्या माणसास आईचे रूप उरलेले नाही, त्यास निदान तिची चाल गाण्याच्या ठेक्यावर परत मिळाली असेल, तर त्यात न समजण्यासारखे काय आहे?

चित्र आणि लोकप्रिय गाणे यांचे हे सख्य मुंबईच्या सिनेमाने निर्माण केले, असेही नाही. बंगाल्यातील पटुआ आपला लांबलचक पट एकेका प्रसंगाने उलगडतो व सोबत त्याची कथा गाऊन दाखवितो. न गाता पट उलगडला तर ते काम अर्धेच झाले. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने हेच करीत आले. गावात प्रथम गाणे येते, मागून चित्र येते, क्वचित उलट. आमच्या लहानपणी सिनेमाचा फलक टांग्यावर चढवून, कर्ण्यावर गाणे लावून, गल्लोगल्ली फिरवीत, आणि टांगा पुढे निघून गेला तरी कित्येक दिवस ते गाणे ऐकले की फलकावरचे ते गुलाबी-हिरवट गाल आम्हांस दिसत. परदेशांतही निराळे नाही. न्यूयॉर्कच्या भिंतींवर टोपणनावाने वाक्ये लिहिणाऱ्या ज्याँ-मिशेल बास्किया या तरुणाने १९७९ साली मित्रांसह एक वाद्यवृंद काढला होता, आणि १९८३ साली एका रॅप गाण्याच्या तबकडीचे वेष्टनही त्यानेच रंगविले. तो सत्ताविसाव्या वर्षी १९८८ मध्ये मेला. २०१७ साली त्याच्या एका चित्रास अकरा कोटी डॉलरांवर किंमत आली.

किमतीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. हुसेन यांनी १९५४ साली ‘ग्रामयात्रा’ नावाचे सुमारे चौदा फुटी चित्र काढले होते. तेरा लहानमोठ्या चौकटींत खेड्यातला संसार: गाडी, गाय, शेतकरी, कामात गढलेल्या बाया. ते दिल्लीस आलेल्या एका डॉक्टराने विकत घेतले व पुढे नॉर्वेतील ओस्लोच्या रुग्णालयास दिले. तेथे ते अनेक दशके टांगलेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे ११८ कोटी रुपये आले. ही बातमी आम्ही सेवाग्रामात, चहाच्या टपरीवर वाचली. खेड्याच्या चित्रास एवढे मोल आले याचा अभिमान वाटावा की खेडे या व्यवहारात कोठेच नव्हते याचे वाईट वाटावे, याचा निर्णय चहा संपेपर्यंत झाला नाही. ओस्लोतील कोणी आजारी माणूस पलंगावरून नेला जात असता त्यास आपल्याकडची बैलगाडी दिसली असेल, ही कल्पना मात्र आम्हांस अकरा दशके कोटींपेक्षाही अधिक सुखाची वाटली.

आता त्या मुलाकडे वळतो. दहावीनंतर शाळा सोडून तो वर्ध्यास एका पेंटराच्या हाताखाली राहिला. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, गणपतीच्या मंडपांचे पडदे, ही त्याची कामे. हात चांगला होता असे ऐकत होतो. बाजारात गेलो म्हणजे एखादी पाटी पाहून ‘हा त्याचा र’ असे मनाशी म्हणत असू. अक्षराच्या पोटात किंचित हवा ठेवण्याची त्याची सवय आम्ही ओळखत होतो. पुढे फ्लेक्स आले. रात्री छायाचित्र द्यावे व सकाळी दहा फुटांचा वाढदिवस चौकात टांगावा, अशी सोय झाल्यावर कुंचल्याची वाट कोण पाहणार? पाहता पाहता वर्ध्यातील पेंटर मंडळी पांगली. कोणी घरे रंगवू लागले, कोणी सुरक्षारक्षक झाले.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही फिरावयास गेलो असता जवळच्या एका गावातील भजनमंडळाच्या नव्या खोलीपाशी शिडीवर तो दिसला. आता डोक्याचे केस विरळ झालेले. भिंतीवर तुकडोजी महाराज काढावयाचे होते, हातात खंजिरी घेतलेले. महाराजांच्या खंजिरीच्या भजनांचे वेड या बाजूस अद्याप ओसरलेले नाही. १९३६ साली गांधीजींनी त्यांस येथे महिनाभर ठेवून घेतले होते, त्याच्या गोष्टी जुनी माणसे सांगत. खोलीच्या आत कोणी मुले भजनाचा ठेका धरून बसली होती. तो शिडीवरून उतरला व त्याने आम्हांस नमस्कार केला. कुशल विचारणे झाले. मग बऱ्याच वर्षांचे मनात होते ते आम्ही बोललो: त्या प्रदर्शनाच्या वेळी आमचे चुकले, चित्र लावावयास हवे होते.

तो हसला. "त्यात काय जी गुरुजी. लहान होतो मी."

"पण पोस्टरवरून काढलेले असले तरी हात तुझाच होता," आम्ही म्हणालो. ही आमची दुसरी चूक.

"पोस्टर मी पायलंच नोतं, गुरुजी," तो सावकाश म्हणाला. "सिनेमाबी नाही. वर्ध्याले जायाले पैसे कोठं होते? शेजारच्या लग्नात रातभर ते गाणे वाजत होते. अंधारात पडल्या पडल्या आयकले, अन् सकाळी काढली बाई. लुगडं मायचं होतं. चालणंबी मायचंच. शेतातून येतानी ते अशीच मागं पाहे, मी येतो का नाही म्हणून."

आम्ही नुसते उभे राहिलो. त्या गाण्यांचे संगीतकार राम-लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, हे आमच्या नागपूरचेच. नागपूरच्या माणसाने बांधलेली चाल मुंबईहून फिरून सेवाग्रामच्या कुडाच्या घरात शिरली होती व तेथे एका मुलास तिच्यात आपली आई दिसली होती. हुसेन यांस जे दिसले म्हणून आम्ही मासिकात पाच पाने लिहिली, ते त्याच वर्षी आमच्या वर्गात सिमेंटच्या कागदावर येऊन गेले होते. दोघांची तुलना आम्ही करीत नाही. हुसेन यांच्यामागे साठ वर्षांची साधना होती व चित्रातून काय वगळावे हे त्यांस ठाऊक होते. मुलाने सारेच काढले होते, पायातली जोडवीसुद्धा. परंतु आम्ही त्यास परत पाठविले ते साधना कमी पडली म्हणून नव्हे. त्याने पाहून उतरविले म्हणून परत पाठविले, आणि ते खरे नव्हते.

बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठविलेली ताडाची झाडे व चरखा आहे. आमच्या मुलांस आम्ही ती दर वर्षी दाखवावयास नेत असू, आणि भिंत ही चित्राचीच जागा आहे, असे सांगत असू. त्या सहलीस तो मुलगाही दोनदा आला होता.

"ते चित्र आहे का रे कोठे?" आम्ही विचारले.

"मायनं कुडाले लावलं होतं, पावसाची झड येऊ नये म्हणून. सिमेंटचा कागद, दोन पावसाळे टिकला." मग काही आठवल्यासारखा तो भिंतीकडे वळला. महाराजांच्या चित्राखाली मंडळाचे नाव लिहावयाचे होते व रेषा आखणे बाकी होते. मदतीस ठेविलेला पोरगा आत भजनात जाऊन बसला होता. त्याने नीळ लावलेल्या दोरीचे एक टोक आमच्या हाती दिले.

"जरा ताणून धरा, गुरुजी."

आम्ही धरली. त्याने मधोमध दोरी उचलून सोडली, आणि चुन्याच्या भिंतीवर निळी रेषा उमटली. "आणखी एक," तो म्हणाला, व आम्ही हात वीतभर खाली घेतला.